कोटाशिवाय हॅट: खटकते कोणती आणि का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील पुरुषांच्या पेहरावावरच्या लेखात ‘अंगात कोट नसेल तर डोक्यावर हॅट घालू नये’ असे ठासून म्हटले आहे. नियम सुटसुटीत आहे, लक्षातही राहतो, आणि हॅटच्या तीन-चार प्रकारांपुरता तो बरोबर आहे. पण तो सरसकट लावायचा तर उन्हात फिरणाऱ्या माणसाने एकतर कोटात उकडून घ्यावे किंवा उघड्या डोक्याने भाजून घ्यावे, एवढेच उरते. आम्ही हॅट बनवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामातली मंडळी. कोटाशिवाय हॅट कुठे खटकते, का खटकते आणि खटकू नये म्हणून काय करता येते, ते जरा तपशिलात मांडतो.

हा नियम युरोप-अमेरिकेतल्या शहरी पोशाखातून आला. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शर्ट हा आतला कपडा समजला जाई. नुसत्या शर्टावर चारचौघांत येणे म्हणजे अर्धेमुर्धे कपडे घालून येणे. हॅट ही घराबाहेर पडताना चढवायची वस्तू आणि बाहेर पडायचे म्हणजे कोट आलाच, म्हणून ही जोडी जमली. पण त्याच काळात शेतावर, गोदीत, गुरांमागे राबणारी माणसे शर्टाच्या बाह्या दुमडून खुशाल हॅट घालत होती. अमेरिकेतले हॅट बनवणारे जॉन स्टेटसन यांनी १८६५ मध्ये ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ ही रुंद काठाची हॅट काढली ती अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ऊन-पावसासाठी. इतकेच काय, पुढे बँकेतल्या साहेबाची खूण ठरलेली, टणक गोल माथ्याची बोलर हॅट १८४९ मध्ये लंडनमध्ये जन्मली ती शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्यांच्या डोक्याला झाडांच्या फांद्या लागू नयेत म्हणून. हॅटच्या बाबतीत नियम किती डोक्यात जाऊ शकतात याचाही दाखला आहे. गवती हॅट १५ सप्टेंबरनंतर घालायची नाही, असा न्यूयॉर्कमध्ये एक रिवाज होता. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये टोळक्यांनी रस्त्यावरच्या लोकांच्या गवती हॅट हिसकावून तुडवल्या आणि त्यातून चक्क दंगल उसळली.

तेव्हा प्रश्न कोटाचा कमी आणि हॅटच्या जातीचा जास्त आहे. समोरची हॅट कोट मागते की नाही हे ओळखायला तीन जागा पाहाव्यात. पहिली, काठाची कडा. कडेवर रेशमी किंवा रिबिनीची गोट शिवलेली असेल तर ती हॅट औपचारिक. कडा नुसती कापून सोडलेली असेल तर ती सैल स्वभावाची. दुसरी जागा म्हणजे माथ्याभोवतीची फीत. चार सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद, चमकदार, बाजूला चपटी गाठ असलेली फीत कोटाच्या कॉलरला साथ देण्यासाठी असते. कोट नसला की ती एकटी पडते. दीड-दोन सेंटिमीटरची फीत, फेल्टच्याच (लोकर किंवा केस दाबून केलेल्या कापडाच्या) रंगाची फीत किंवा नुसती चामड्याची वादी असेल तर ती शर्टावर सहज खपते. तिसरी जागा माथ्याची. बोटाने दाबून पाहा. टणक, आकार अजिबात न सोडणारा माथा (बोलर, हॉम्बुर्ग, उंच टॉप हॅट) कोटाशिवाय घालू नयेच. तिथे लेखाशी आमचे भांडण नाही. दाबल्यावर मऊ दबणारा आणि सोडल्यावर सावकाश वर येणारा माथा कोटावाचून अडत नाही.

बोटर, म्हणजे सपाट माथ्याची आणि सपाट काठाची कडक गवती हॅट, ही यातली फसवी आहे. गवताची म्हणून ती उन्हाळी आणि मोकळी वाटते. पण लाखेच्या पाण्याने ताठ केलेली असते आणि नुसत्या शर्टावर ती घातली की माणूस रंगमंचावरून उतरून आल्यासारखा दिसतो. ती ब्लेझरवरच शोभते.

आता मापाकडे येऊ, कारण बहुतेकांची गफलत इथे होते आणि दोष मात्र कोट नसण्याला दिला जातो. शिवलेल्या कोटाच्या खांद्यात पॅड असते. त्याने खांदा दोन्ही बाजूंनी साधारण एक ते दीड सेंटिमीटर बाहेर जातो आणि उतरता खांदा सरळ होतो. कोट काढला की हे दोन-तीन सेंटिमीटर गेले आणि उतारही परत आला. हॅट मात्र तेवढीच राहिली. ५८ मापाचे (म्हणजे ५८ सेंटिमीटर घेराचे) डोके कानापासून कानापर्यंत साधारण १६ ते १७ सेंटिमीटर रुंद भरते. त्यावर ६ सेंटिमीटरचा काठ असेल तर हॅटची समोरून दिसणारी रुंदी २८-२९ सेंटिमीटर. काठ ९ चा असेल तर ३४-३५. नुसत्या शर्टातला मध्यम बांध्याचा खांदा ४४ ते ४६ च्या घरात. पहिल्या हिशेबात खांदा दोन्हीकडे आठेक सेंटिमीटर बाहेर उरतो, दुसऱ्यात पाचेक. त्यातून खांदा उतरता असेल तर दुसऱ्या हॅटखाली माणूस अळंब्यासारखा दिसतो. म्हणून कोट घालायचा नसेल तेव्हा मध्यम बांध्याच्या माणसाने साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटरचा काठ घ्यावा. रुंद खांद्याच्या माणसाने सातपर्यंत जायला हरकत नाही. पाचच्या खाली जाऊ नये. ट्रिल्बी नावाच्या हॅटचा आखूड काठ जाड कोटाच्या उभ्या कॉलरवर ठीक दिसतो, पण उघड्या मानेवर डोके मोठे आणि हॅट खेळण्यातली वाटते. टी-शर्टावर ट्रिल्बी घातलेले फोटो पाहून ज्यांचे हॅटविषयी मत वाईट झाले आहे, त्यांना आम्ही दोष देत नाही.

माथ्याची उंचीही तशीच. समोरून चिमटा घेतलेल्या (म्हणजे माथा दोन्ही बाजूंनी आत दाबलेल्या) जागी ११ सेंटिमीटरच्या आसपासचा माथा बहुतेकांना चालतो. कोट नसताना अंगावरचे कापड हलके दिसते. वर १३ सेंटिमीटरचा माथा ठेवला तर सगळे वजन डोक्याकडे जाते. माथा गालाच्या हाडांपेक्षा अरुंदही नको. चिमटा जितका खोल, तितका माथा वर निमुळता होतो आणि चेहरा खाली रुंद दिसतो, म्हणून गोल चेहऱ्याच्या माणसाने चिमटा उथळ ठेवावा.

हॅटइतकेच, किंबहुना जास्त, शर्टाच्या कॉलरवर अवलंबून आहे. कोट असतो तेव्हा त्याची कॉलर आणि छातीवरच्या दुमडी शर्टाच्या कॉलरला दोन्हीकडून धरून ठेवतात. कोट काढल्यावर आणि वरचे बटण उघडल्यावर मऊ कॉलर बाजूला पसरते, टोके खांद्याकडे सरकतात आणि कॉलर खाली बसते. मग गळा उघडा, मान लांब आणि वर अधांतरी हॅट. लोक म्हणतात, ‘कोटाशिवाय विचित्र दिसते.’ खरी चूक कॉलरची असते. उपाय सोपा: टोकांना बटणे असलेली कॉलर घ्या, तिची मागची उभी पट्टी तीन ते साडेतीन सेंटिमीटरची असावी आणि आत कॅनव्हास असावे. बटण एकच उघडे ठेवावे. दुसरे उघडले की कॉलरला आधार देणारी बटणपट्टीच कोसळते. बिनकॉलरच्या टी-शर्टावर फीतवाली हॅट, मग ती फेल्टची असो वा गवताची, आम्ही सुचवत नाही. तिथे सुती कापडाची, शिवणीच्या रेघांची गोल टोपी किंवा साधी कॅप बरी.

कोट कमरही झाकतो, हे विसरले जाते. तो नसला की शर्ट आणि पँट जिथे मिळतात ती रेघ उघडी पडते. पँट कमरेच्या खाली बसणारी असेल तर धड लांब, पाय आखूड, आणि वर हॅटने आणखी दहा-बारा सेंटिमीटर चढवलेले. नाभीच्या जवळ बसणारी पँट आणि इन केलेला शर्ट घेतला की हेच प्रमाण जागेवर येते. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर खालची कड सरळ कापलेली हवी. दोन्ही बाजूंना वर चढणारी गोलाई ही इन करण्यासाठी असते. छातीच्या मापापेक्षा शर्ट दहा-बारा सेंटिमीटर सैल असला तर हवाही खेळते आणि पोत्यासारखाही दिसत नाही.

गडद रंगाची फेल्ट फेडोराच (मऊ, चिमटा घेतलेल्या माथ्याची हॅट) घालायची आहे आणि कोट नको, अशी मागणी पुष्कळांची असते. मधला मार्ग आहे: जाड कापडाचा, खिशांचा ओव्हरशर्ट, विणलेला कार्डिगन किंवा बिनबाह्यांचा वेस्टकोट. यांपैकी काहीही एक खांद्याला थोडे वजन देते. एक इशारा मात्र द्यायला हवा. फेडोरा, वेस्टकोट, गॅलिस (पँट धरून ठेवणारे, खांद्यांवरून जाणारे पट्टे) आणि दंडावर बाही अडकवायचे पट्टे असा सगळा जामानिमा एकदम केला तर ते नाटकातले सोंग होते. जुन्या वळणाची एक वस्तू अंगावर असली की बाकीच्या आजच्या असू द्याव्यात. रंगाचेही तसेच. कोट असताना हॅटचा रंग कोटाशी जुळवतात. कोट नसताना तो पँट किंवा बुटांशी जुळवावा. पांढऱ्याशुभ्र शर्टावर काळी हॅट फार तुटक दिसते. तपकिरी, राखाडी, खाकी या छटा शर्टाबरोबर मिसळतात.

उन्हाचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे आम्ही दिसण्याचे वर सांगितलेले माप बाजूला ठेवतो. उन्हापासून संरक्षण हवे तर काठ किमान साडेसात सेंटिमीटर हवा. ऑस्ट्रेलियातली कॅन्सर कौन्सिल ही संस्था मोठ्या माणसांसाठी हेच माप सांगते. कॅपची चोच कपाळ आणि नाक झाकते, पण कान आणि मानेची मागची बाजू उघडी राहते, आणि तिथेच माणूस भाजतो. साडेसातचा काठ आणि नुसता शर्ट हे जुळवायचे असेल तर हॅट फिकट रंगाची घ्यावी, काठ पुढे आणि मागे किंचित खाली वळवावा (बाजूची रुंदी त्याने कमी भासते) आणि शर्ट पातळ मलमलीऐवजी लिननचा किंवा जाडसर विणीचा घ्यावा.

गवती हॅट घेताना ती उन्हात धरून जमिनीवर पडणारी सावली पाहावी. सावली सलग असेल तर वीण घट्ट. सावलीत उन्हाचे ठिपके दिसले तर तेवढे ऊन चेहऱ्यावरही पडणार. पनामा म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ हॅट कागदाच्या सुतळीच्या असतात. कागदाच्या धाग्याची जाडी सगळीकडे एकसारखी असते आणि पावसात भिजला की तो लिबलिबीत होऊन उकलतो. खरी पनामा टोकिया नावाच्या झाडाच्या पात्यांची, हाताने विणलेली. नावात पनामा असले तरी ती इक्वाडोरची. तिथल्या या विणकामाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. माथ्याच्या मधोमध बारीक वेटोळ्यापासून वीण सुरू झालेली दिसते, आणि उजेडात धरली तर पात्यांच्या रुंदीत थोडाफार फरक दिसतो. कोटाशिवाय घालण्यासाठी आमच्या मते याहून चांगली हॅट नाही.

पनामा मोडते ती बहुतेक वेळा एकाच जागी: माथ्याच्या पुढच्या चिमट्यात. दर वेळी तिथे धरून काढल्याने पाते वाकून वाकून तुटते आणि इंग्रजी वाय अक्षरासारखी फट पडते. एकदा फट पडली की मागून कापड चिकटवून ती थोपवता येते, पूर्ववत करता येत नाही. हॅट दोन्ही हातांनी काठाला, पुढे आणि मागे धरून चढवावी आणि तशीच काढावी. पनामाची गुंडाळी करून बॅगेत ठेवतात, ते अतिशय बारीक विणीच्या हॅटलाच आणि तेही थोड्या वेळापुरतेच सोसते. कोरड्या हवेत पाते ठिसूळ होते, तेव्हा गुंडाळणे म्हणजे तोडणेच. आधी वाफेची हलकी झुळूक द्यावी.

फेल्टमध्ये लोकरीचे आणि सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचे असे दोन वर्ग. लोकरीचे स्वस्त, जाड आणि गरम. जोराच्या पावसात ते आकसते आणि काठ लोंबतो. केसांचे फेल्ट पातळ असूनही आकार धरते, म्हणून कोट न घालण्याइतकी ऊब असलेल्या दिवसांत फेल्टच हवे असेल तर हेच घ्यावे. आत अस्तर नसलेली, हलकी हॅट मागावी. रेशमी अस्तर उष्णता कोंडते.

हॅटचे माप घेताना टेप भुवयांच्या वर, कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वर साधारण एक सेंटिमीटर जागा सोडून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवावा. येणारे सेंटिमीटर हेच माप: ५७, ५८, ५९. साडेअठ्ठावन्न आले तर ५९ घ्यावे, कारण हॅट आतून भरता येते, वाढवणे अवघड. घातल्यावर कपाळ आणि हॅटच्या आतली चामडी पट्टी यांच्यात एक बोट आडवे सरकले पाहिजे. पुढे-मागे रुतते आणि कानांवर मात्र फट राहते, असे झाले तर माप चुकलेले नसते. डोके लांबट असते. एक माप मोठे घेऊन चामडी पट्टीच्या मागे दोन्ही बाजूंना फोमची पट्टी घालावी. पुढे घालू नये, घाम तिथेच सर्वांत जास्त येतो आणि फोम तो धरून ठेवतो.

घामाचा मुद्दा कोटाशिवाय हॅट घालणाऱ्यांना जास्त लागू, कारण ते ती उन्हाच्याच दिवसांत घालतात. आतल्या पट्टीने घाम शोषला की त्यातले क्षार फेल्टमधून बाहेर येतात आणि फितीच्या वर पांढरी रेघ उमटते. ती आल्यावर घासून जात नाही, उलट पसरते. घरी आल्यावर पट्टी बाहेर उलटी करून ठेवावी, हॅट माथ्यावर पालथी ठेवावी आणि रात्रभर वाळू द्यावी. काठावर टेकवून ठेवलेल्या हॅटचा काठ सपाट होतो. पट्टी आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसावी. उन्हात बंद गाडीत हॅट ठेवली तर चामडे आकसते आणि ५८ ची हॅट ५७ ची होते. आकसलेले चामडे मग ताणले तर शिवणीवर फाटते; ते बदलावेच लागते.

काठ लोंबला असेल तर किटलीची वाफ वीसेक सेंटिमीटरवरून, एका जागी न थांबता, अर्धा मिनिट द्यावी. चामडी पट्टी वाफेपासून वाचवावी. फेल्ट मऊ झाले की हाताने वळण द्यायचे आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचे. गरम असतानाच सोडले तर ते पुन्हा लोंबते. गवती हॅटला एवढी वाफ देऊ नये, तिच्यातली खळ विरघळून काठ लाटांसारखा होतो.

राहता राहिला वारा. जुन्या पद्धतीच्या हॅटच्या फितीवर एक बारीक दोरी आणि तिच्या टोकाला छोटे बटण असते. वारा सुटला की दोरी ओढून ते बटण कोटाच्या छातीवरच्या काजात अडकवायचे, म्हणजे हॅट उडाली तरी अंगाला लटकून राहते. शर्टाला तसे काज नसते. दोरी शर्टाच्या दुसऱ्या बटणाला दोन वेढे देऊन अडकवावी. पहिल्या बटणाला अडकवू नये, हिसका बसला की कॉलर गळ्याला लागते. हनुवटीखालची दोरी रुंद काठाच्या उन्हाळी हॅटलाच बरी दिसते. हॅट पक्की बसावी म्हणून माप लहान घेणारेही भेटतात. त्याने कपाळावर लाल वळ उठतो, तासाभरात डोके ठणकते, आणि वाऱ्याचा जोर खालून काठाला असल्यामुळे हॅट उडायची ती उडतेच. त्यापेक्षा पुढचा काठ खाली वळवून वाऱ्याच्या दिशेला किंचित झुकवावा.

आपले,
हॅट घडवण्या-दुरुस्तीच्या कामातले काही वाचक